निजवणीचा दाखला

७ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे लिहायला बसले होते, पण हात वळेना. म्हणून नुसतंच बारक्या.

काल दुकानात एकजण मोठा आरसा न्यायला आला. काच गुंडाळायला मी रद्दीतून पेपर ओढला, आणि कोपरा झाकताना बघते तर त्यावर तुझा फोटो! आधी मला आनंदच झाला बघ. म्हटलं, आमचा बारक्या पेपरात आला. चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं. मग त्या माणसाला म्हटलं, "थांबा, दुसरा पेपर लावते, हा मला हवाय." तो म्हणाला, "ठेवा की बाई, मला काय आरसा वाचायचाय का?" हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही.

तुला पाठ असेलच, तरी लिहिते. पेट्रोल पंपाच्या मागची 'निजवण' नावाची पडीक जागा साफ करून नगरपालिका तिथे पार्किंग करणार. ती जागा लहान मुलांची दफनभूमी आहे, असा 'काही स्थानिक महिलांचा दावा'. त्यावर कोशमंडळाचे प्रमुख संपादक, म्हणजे तू, यांचं लेखी मत असं की, निजवण म्हणजे गुरं दुपारी निजत ती जागा. दफनभूमी या अर्थी त्या शब्दाचा एकही छापील दाखला उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही काय? काही स्थानिक महिला काय? त्या अर्जावर पहिली सही माझी आहे, दगडा! माझी मुलगी आहे तिथे. तुझी भाची. हे तुला नव्याने सांगायची वेळ माझ्यावर यावी?

नगरपालिकेने तुला विचारलं तेव्हा 'माझ्या घरचा मामला आहे, मी यात नको' एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. परक्याने केलं असतं तर मी त्याला दारात उभं करून चार शब्द सुनावले असते. तुला काय सुनावू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मार्चच्या शेवटी सुनावणी आहे. नंतर मशीन येणार. त्याआधी ते मत मागे घे. बाकी माझं काही मागणं नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. मंडळाच्या छापील कागदावर, टाइप केलेलं, वर जावक क्रमांक. बहिणीच्या पत्रावर जावक क्रमांक टाकणारा जगात तूच पहिला असशील. तुझ्या भावोजींनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "वीज तोडायची नोटीस आलीय वाटतं."

दोन पानं तू मला शब्दाचं मूळ समजावलंस. निजणे, निजवणे, निजवण. जुन्या जमीन-नोंदींत 'गुरांची निजवण' असं तीनदा आलंय. बरं. मी कुठे नाही म्हणते? निजत असतील गुरं. माळावर सावली होती, खाली पाणी होतं, गुरं काय उन्हात उभी राहतील? शब्द गुरांचाच, मान्य. पुढे?

पुढे गुरं गेली आणि लोकांनी तिथे आपली मुलं निजवली. मोठ्या दफनभूमीत नाव सांगितल्याशिवाय पावती फाडत नाहीत. सकाळी जन्मून संध्याकाळही न बघितलेल्या पोराला नाव कुठलं आणायचं? मग बाप नाहीतर आजोबा पहाटे उठून तिकडे जायचा. कुणी दगड लावला नाही, कुणी कागद केला नाही. घरी येऊन बायकोला एवढंच सांगायचं, 'निजवणीत ठेवलं.' हा अर्थ बायकांनी एकमेकींना हळू आवाजात सांगितला. तुझ्यासारखा कोणी वही घेऊन दारामागे उभा नव्हता, त्याला त्या काय करणार?

आणि मूळ, मूळ काय करतोस रे? शाळेत असताना तूच मला येऊन सांगितलं होतंस, की जुने पंडित स्मशान या शब्दात 'शयन' बघतात, देह निजतो ती जागा. आणि इंग्रजीतला दफनभूमीचा शब्द, सेमेटरी, तोही म्हणे मुळात झोपायच्या खोलीचा. केवढा खूश होतास! ताई, सगळीकडे माणसांना तेच सुचलं, म्हणालास. मग आता तुझ्या हिशेबाने काय, स्मशानात गाद्या घालून लॉज काढायचा? मूळ झोपायचंच आहे ना! मग निजवणीलाच गुरांच्या खुंट्याला कशाला बांधून ठेवतोस?

तू पत्रात लिहिलंयस, 'त्या काळातील घटनांविषयी माझ्या आठवणी अस्पष्ट आहेत.'

अस्पष्ट! मग मी करते स्पष्ट. मी आतल्या खोलीत पडून होते. उठायचं नाही अशी ताकीद. भिंतीपलीकडे दुकान, आणि बाबांच्या करवतीचा आवाज येत होता. मला वाटलं, आज असल्या दिवशीही बाबा फ्रेम करतायत, काय म्हणावं या माणसाला. ते पेटी करत होते. साधं लाकूड दुकानात नव्हतं, म्हणून लग्नाच्या फोटोंना लावायची ती सोनेरी पट्टी कापून त्यांनी पेटी केली. कोपरे तिरके जुळवून, फ्रेमला जुळवतात तसे. हे मला आईने फार नंतर सांगितलं. बाबांची कंबर धरली होती, सायकल मारवत नव्हती. मग सायकलवर पेटी घेऊन कोण गेलं? एकोणीस वर्षांचा कोण होता आपल्या घरात? परत आल्यावर चिखलाच्या चपला कुणाच्या होत्या, ज्या आईने पुसल्या?

मी बाबांना विचारलं, "कुठे?" तर ते म्हणाले, "निजवणीत." तो शब्द त्या अर्थाने मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हा माझा दाखला. तू खाली मान घालून दारात उभा होतास, म्हणजे तुझाही तोच.

मशीन लागलं की निघेल ती सोनेरी पट्टी वर. तेव्हा उपलब्ध होईल तुला दाखला. ये मग उचलायला.

ताई

२ मार्च

कोशकारसाहेब,

या वेळी हाताने लिहिलंस, उपकार झाले. पण लिहिलंस काय? 'ताई, मला व्यक्तिशः माहीत असणं हा पुरावा होत नाही. मी स्वतःची आठवण दाखला म्हणून धरली तर उद्या प्रत्येक संपादक आपापल्या घरचा अर्थ कोशात घुसवेल. एका अर्थाला तीन वेगवेगळ्या हातांचे छापील दाखले लागतात. तो नियम मीच केला आहे. तो मीच तुझ्यासाठी मोडू?'

मसणात गेला तुझा नियम!

पत्र वाचून मी काच कापायला घेतली आणि हिरा असा दाबला की चांगली सरळ चिरायची ती काच उभी तडकली. तुझे भावोजी म्हणाले, "आज तू काचेला हात लावू नकोस, मी करतो." ते या विषयावर एक अक्षर बोलत नाहीत, कधीच बोलले नाहीत. फक्त माझ्या हातातून पट्टी काढून घेतात. तेवढंही तुला जमलं नाही.

मला एक सांग. तू खोटं बोलला नाहीस, हे मला समजतं. छापील दाखला नाही हे खरंच आहे. पण नगरपालिकेने तुला दाखल्याबद्दल विचारलं होतं का? त्यांनी विचारलं, तिथे कुणाला पुरलंय का. तुला ठाऊक होतं, आणि तू त्यांना कोशाचं पान उघडून दाखवलंस. घराला आग लागलीय म्हणून कुणी ओरडत आला तर तू त्याला आग शब्दाची व्युत्पत्ती सांगशील. असली चूक अडाणी माणसाच्या हातून होणारच नाही, त्याला तेवढं शिक्षण कुठलं!

काल शिवणवाल्या काकूंकडे आम्ही सगळ्या जमलो, अर्जावर सह्या केलेल्या. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. होय, दाखवलं. लाज तुला वाटू दे. काकूंनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "म्हणजे छापून आलं की खरं, एवढंच ना? मग छापायला काय धाड भरलीय?"

आधी कुणाच्या लक्षात येईना. मग दवाखान्यातली जुनी नर्सबाई हसायला लागली. ती हसता हसता रडायला लागली, आणि मग कुणालाच थांबवता येईना. तिचे स्वतःचे दोघे आहेत तिथे. इतकी वर्षं दुसऱ्यांची बाळं पुसून आयांच्या हातात दिली तिने, आणि एकदाही बोलली नाही.

तीन हात हवेत ना तुला? थांब.

ताई

१५ मार्च

बारक्या,

सोबत कात्रणं जोडली आहेत. तुझ्या माणसांना चिकटवायला सोपी जावीत म्हणून कडा सरळ कापल्या आहेत. कापण्याचं काम माझं रोजचं आहे.

आम्ही नऊ जणी मिळून पेपरच्या कचेरीत गेलो. जाहिराती घेणारा कारकून तरुण आहे, टेबलावर डबा उघडून बसला होता. आम्हाला बघून त्याने डबा बंद केला. काकूंनी पहिला मजकूर ठेवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "काकू, निधनाची तारीख फार जुनी आहे हो."

"मग? उशिरा दिली तर छापत नाही का?"

"छापतो. पण लोक विचारतील, आत्ता का?"

"लोकांना म्हणावं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

तो एकेक मजकूर उतरवून घ्यायला लागला. हे बघ, तारखा सोडून लिहिते, काकूंचा: 'आमचा मुलगा. एक रात्र होता. निजवणीत आहे. आई.' नर्सबाईंचा: 'आमची दोघं, जुळी. निजवणीत शेजारी शेजारी. आई आणि कै. वडील.' एकीने सांगितलं, 'तुझ्यानंतर तिघे झाले, पण पहिला तू. निजवणीला आईचा नमस्कार.' तिला लिहिता येत नाही, कारकुनाने लिहून घेतलं, आणि ते लिहिताना तो सारखा नाक ओढत होता.

माझा मजकूर वाचून मात्र त्याने पेन खाली ठेवलं. 'मुलगी. सकाळी आली, दुपारी गेली. आजोबांनी पेटी केली, मामाने निजवणीत पोचवली. नेमकी कुठे, ते आईला माहीत नाही.' त्याने मला विचारलं, "बाई, हा कुठल्या सदरात टाकू? निधन की हरवले-सापडले?" तो काही टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "हरवले."

बघ, पान सहावर, एका पाकिटाच्या आणि एका कुत्र्याच्या मध्ये छापलंय.

तू आता म्हणशील, हे दाखले मुद्दाम तयार केलेले आहेत. अरे, जाहिरात माणूस मुद्दामच देतो, कुणी चुकून देतं का? नऊ हात आहेत. तुला तीनच लागतात. उरलेले सहा पुढच्या आवृत्तीला ठेव.

ताई

२८ मार्च

बारक्या,

सुनावणी झाली. तुझं नवं पत्र तिथे वाचून दाखवलं. 'मंडळास नव्याने प्राप्त झालेल्या छापील दाखल्यांच्या आधारे निजवण या शब्दास अर्थ क्रमांक दोन, अर्भकांची दफनभूमी, हा जोडण्यात येत असून पूर्वीचे मत मागे घेण्यात येत आहे.' नगरपालिकेच्या वकिलाने घाम पुसला. पार्किंग रद्द. पडक्या भिंतीवर कुंपण घालणार म्हणे. सगळ्याजणी जिन्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काकू मला म्हणाल्या, "भाऊ शेवटी भाऊच गं." मी पिशवी उचलली आणि जिना उतरले.

आता तुला बोलते.

अर्थ क्रमांक दोन! म्हणजे माझी मुलगी अर्थ क्रमांक दोन झाली. ज्या दिवशी तू ती पेटी सायकलला बांधलीस त्या दिवशी तुला भाची नव्हती. ज्या दिवशी आईने तुझ्या चपला पुसल्या त्या दिवशी नव्हती. पंधरा तारखेला पेपरात छापून आलं, आणि मग तुला भाची झाली. केवढं रे तुझं मन मोठं! नियम मोडला नाहीस, जागाही वाचवलीस, दोन्ही हात स्वच्छ. शाबास. मला तर वाटतं, तू माझ्यापेक्षा त्या कात्रणांना जास्त घाबरलास.

मला राग आहे. तो जायचा नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पण एक गोष्ट सांगते, जी तुझ्या भावोजींनाही मी कधी सांगितली नाही. मी त्या जागेत आजपर्यंत पाय ठेवलेला नाही. इतकी वर्षं भिंतीच्या बाहेरून जाते. पंपाकडून वळते, भिंतीला धरून चालते, पलीकडच्या गल्लीतून घरी येते. बाकीच्या आत जातात, आपापल्या जागेपुरतं गवत काढतात. त्या म्हणतात, "ये ना." मी म्हणते, "गुडघा दुखतो." गुडघा कुठला दुखतोय! मला भीती वाटते, कुठे पाय पडेल कुणास ठाऊक. ती कुठे आहे ते मला माहीत नाही, म्हणून सगळी जागाच तिची आहे, आणि मला उभं राहायला कुठेच जागा नाही.

बाबा गेले. आई गेली, आणि ती तर बघायला गेलीच नव्हती. जिवंत माणसांत फक्त तुला ठाऊक आहे. मी तुला दोनदा विचारलं होतं. एकदा तुझ्या परीक्षेच्या आधी, एकदा बाबा गेले तेव्हा. दोन्ही वेळा तू म्हणालास, "ताई, आता कशाला ते."

आता यासाठी. मला तुझं पत्र नको, क्रमांक नको, माफी तर मुळीच नको. गाडीत बस आणि ये. बोट दाखव आणि जा.

ताई

९ एप्रिल

बारक्या,

तू गेल्यावर लिहितेय, कारण तोंडावर बोलायचं मी टाळलं.

तू आलास तेव्हा मी तुला चहासुद्धा विचारला नाही, हे खरं. दुकानाच्या पायरीवर तू बॅग घेऊन उभा राहिलास आणि तुझे भावोजी म्हणाले, "आत तर येऊ दे त्याला." मी म्हटलं, "आधी तिकडे." केवढा म्हातारा झालायस रे तू! पेपरातला फोटो जुना दिला होतास वाटतं.

फाटकातून तू पुढे झालास, मी उंबऱ्यावर थांबल्यासारखी बाहेरच. तू आत जाऊन उभा राहिलास. डावीकडे गेलास, परत आलास. भिंतीकडे गेलास. चष्मा काढून पुसलास. गवत आता कमरेएवढं आहे, तेव्हा नव्हतं. जुनी पायवाट नाही, पाण्याची टाकी नव्हती ती आहे. मी बघत होते. तुझी मान, तुझे खांदे, सगळं मला पाठ आहे. गृहपाठ केलेला नसताना तू मास्तरांसमोर असाच उभा राहायचास. तुला आठवत नव्हतं, बारक्या. अस्पष्ट आहे म्हणालास ते खरं होतं. वाटलं, आता हा वळून म्हणेल, 'ताई, पुरावा नाही.' आणि तसं म्हणाला असतास तर मी तुला जन्मात घरात घेतलं नसतं.

मग तू कोपऱ्यातल्या त्या झाडापाशी गेलास. खोडाला पाठ लावलीस, तिथून पावलं टाकत आलास आणि थांबलास. मला हाक मारलीस. म्हणालास, "इथे. या झाडापासून धरलं होतं मी. नक्की इथे, ताई."

नक्की! तुझ्या तोंडून हा शब्द मी ऐकलाच नव्हता. तुझं आपलं नेहमी 'बहुधा', 'संभवतः', 'अधिक संशोधनाची गरज'.

ते झाड पंपाच्या वॉचमनने लावलं, बारक्या. बाबा गेले त्या वर्षी. रोप वाऱ्याने वाकत होतं म्हणून त्याने आधाराला काठी मागितली, तर मीच दुकानातली एक पट्टी भिंतीवरून त्याच्या हातात दिली होती. तू पेटी घेऊन गेलास तेव्हा त्या कोपऱ्यात काडीही नव्हती.

सगळ्या जन्मात पुराव्याशिवाय एक अक्षर न बोललेला माणूस तू, आणि माझ्यासमोर धडधडीत अंदाज ठोकलास. मला इतका राग आला की वाटलं, तिथेच तुला ओरडून सांगावं. तोंड उघडलं होतं मी. पण तू खाली बसून हाताने गवत उपटायला लागलास. नीट, एका चौकोनात, पेटीएवढ्या. तुला माप मात्र आठवत होतं. तू मला म्हणालास, "ये, इथे पाय ठेवून ये, इकडे काही नाही." आणि मी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत आले, आणि त्या चौकोनाशेजारी बसले. तू काय बोललास पुढे ते मी ऐकलं नाही. मी जमिनीवर हात ठेवून बसले होते. उन्हाने माती गरम झाली होती.

राग गेला असं समजू नकोस. पुढच्या वेळी आलास की चहा मिळेल, त्यापेक्षा जास्त धरून चालू नकोस.

काल काकूंनी विचारलं, "सापडली का गं जागा?" मी म्हटलं, "हो, भावाने दाखवली. झाडाजवळ." उद्या तुला कुणी विचारलं तर तूही हेच सांगायचंस, आणि पुन्हा 'बहुधा' म्हणायचं नाहीस.

दर सोमवारी दुकान बंद असतं. मी आता तिथेच जाऊन बसते.

ताई